पिस्तुलाचा कान

१९९७ सालच्या खंडेनवमीला, दुपारी, वसईजवळच्या सातिवलीतल्या एका गाळ्यात ठासणीच्या एका पिस्तुलाची नळी मागून कायमची बंद करण्यात आली. पिस्तूल हाताने बनवलेले होते. ते बनवायला दहा-अकरा महिने लागले होते. त्यातून एकदाही गोळी सुटली नव्हती आणि सुटावी असे कोणाच्या मनातही नव्हते.

बनवणारा माणूस सातिवलीच्या एका टूलरूममध्ये फिटर होता. वय पन्नाशीच्या आसपास. मूळचा वसईच्या खाडीकाठच्या गावचा, घरची भातशेती. प्लास्टिकच्या बादल्या, झाकणे, कंगवे ज्या साच्यांतून निघतात ते साचे तो कानशीने घासून मापात आणत असे. गावात आणि गाळ्यांत त्याला सगळे भाऊ म्हणत. इथेही तेच म्हणतो.

पिस्तूल नाटकासाठी होते. आमचे नाट्यमंडळ दर दसऱ्याला संध्याकाळी गावच्या मैदानात एक प्रयोग करी. मंडळात निम्मे जुन्या गावातले होते, निम्मे नव्या इमारतींतले नोकरदार. मी एका दैनिकाला वसईच्या बातम्या पाठवत असे आणि मंडळात विंगेतून संवाद पुरवत असे. आदल्या वर्षीच्या ऐतिहासिक नाटकात सरदाराने कमरेचे पिस्तूल काढले, तेव्हा ते जत्रेतले प्लास्टिकचे आहे हे पहिल्या रांगेने ओळखले. “टिकली घातली काय रे?” असा आवाज आला. ज्याला गोळी लागायची तो हसतच मेला. पुढच्या वर्षी किल्ल्याच्या वेढ्यावरचे नाटक ठरले. त्यातही तिसऱ्या अंकात पिस्तूल होते. बैठकीत भाऊ म्हणाला, “मी देतो बनवून. पन खरं कसं असते ते आधी बघायला पायजे.”

एका शुक्रवारी तो आणि मी मुंबईला एका संग्रहालयात गेलो. काचेच्या कपाटात चकमकीचे एक ठासणीचे पिस्तूल होते. भाऊने खिशातून दोरा काढला आणि काचेवर धरून नळीची लांबी घ्यायला सुरुवात केली. पहारेकरी आला.

“ओ काका, काचेला हात नाय लावायचा.”

“हात नाय लावला. दोरा लावलाय.”

“दोरा पण नाय लावायचा. माप कशाला पाहिजे?”

“बनवायचंय.”

पहारेकऱ्याने त्याच्याकडे पाहिले, मग माझ्याकडे. मी म्हणालो, “नाटकासाठी.”

“मग तसं सांगा ना,” पहारेकरी म्हणाला. तो दालनाच्या दुसऱ्या टोकाला गेला आणि आमच्याकडे पाठ करून उभा राहिला. पंधरा-वीस मिनिटे तो वळला नाही.

पिस्तूल डाव्या अंगावर ठेवलेले होते, त्यामुळे डावी बाजू दिसत नव्हती. निघताना भाऊने विचारले, “ही बाजू कोनी बघितलीय?” मी म्हणालो, आपल्या प्रेक्षकांनी तर नक्कीच नाही. तो म्हणाला, “मग ती माझी.” घरी पोचेपर्यंत दोऱ्याला सात गाठी होत्या. कोणती गाठ कशाची हे त्याने कुठे लिहून ठेवले नाही.

सातिवलीत कारखान्यांची सुट्टी शुक्रवारी. त्या दिवशी वीज नसे, म्हणून यंत्रे बंद. मालकाने भाऊला गाळ्याची चावी दिली होती. पिस्तूल हाताने बनले त्याचे कारण एवढेच. लेथ होता, ड्रिल होते, पण भाऊ मोकळा असे त्या दिवशी वीज नसे. दाराशी उजेडात वाकपट्टी ओढून तो बसत असे. वाकपट्टी म्हणजे काम पकडून ठेवायचा लोखंडी जबडा. बाकी त्याच्याकडे कानशी, हातकरवत, छिन्नी आणि हाताने फिरवायचे ड्रिल.

सामान सगळे भंगारातले. नळीसाठी मोडीत निघालेल्या छपाई यंत्राचा पोकळ पोलादी दांडा. दस्त्यासाठी पाडलेल्या घराच्या चौकटीचे सागवान. घोडा, म्हणजे चकमकीचा दगड धरून पुढे आपटतो तो भाग, जुन्या ट्रकच्या स्प्रिंगपाट्याच्या तुकड्यातून कापलेला. त्यामागची कमान भिंतीवरच्या बंद पडलेल्या घड्याळाची. पितळी पट्ट्या रॉकेलच्या स्टोव्हच्या टाकीतून आल्या. स्क्रू शिलाई मशीनचे. चंदनसारला एका इमारतीचा पाया खणताना गारगोट्या निघाल्या होत्या, त्यातली एक चकमकीला लागली. ती त्याने आणलेल्यांपैकी नववी होती. पहिल्या आठ ठिणगी देत होत्या, पण दरवेळी नाही.

शेजारच्या गाळ्यात एक वेल्डर होता. वसईच्या पश्चिमेच्या गावातला ख्रिस्ती, खिडक्यांच्या जाळ्या करणारा. शुक्रवारी त्यालाही फारसे काम नसे. तो चहाचा ग्लास घेऊन येऊन उभा राही.

“किती घासतोस रे? लोक पंधरा फुटांवर बसणार.”

“पंधरा फुटांवरून पन खोटं दिसते. तूच नाय काय हसला गेल्या वर्सी?”

“मी पिस्तुलाला कुठे हसलो? तुझ्या भावाच्या मिशीला हसलो. अर्धी गालावर आलेली.”

भाऊच्या कामाची पद्धत मी त्या शुक्रवारांत पाहिली. दोन भाग एकमेकांत बसवायचे असले की एकावर तो बोटाने निळा रंग चोळी आणि दुसऱ्यावर दाबे. जिथे निळे उमटे तिथे कानशीचा एक हात. पुसायचे, पुन्हा चोळायचे, पुन्हा दाबायचे. लाकडात लोखंड बसवताना निळ्याऐवजी कंदिलाची काजळी. असे एका पट्टीसाठी एका सकाळीत साठ-सत्तर वेळा. दस्त्यात पट्टी बसल्यावर तो विडीच्या बंडलावरचा कागद फटीत सरकवून पाही. कागद शिरला तर पट्टी बाहेर. मार्चमध्ये एका ठिकाणी कागद शिरला. त्याने सागवानाचा तो दस्ता बाजूला ठेवला आणि दुसरा कोरायला घेतला. पहिला दस्ता मी मागून घेतला. माझ्या टेबलावर आहे. ती फट मला अजून सापडलेली नाही.

मंडळाचे सेक्रेटरी एका बँकेत कारकून होते, नव्या इमारतींपैकी एकीत राहत. त्यांनी पहिल्याच बैठकीत बजावले होते, “भाऊ, नळी पुढून बोटभर पोकळ चालेल. मागे भरीव पाहिजे. आणि तो कान खरा नको, नुसता ठिपका काढा.” कान म्हणजे नळीच्या मागच्या टोकाशी बाजूला असलेले बारीक भोक. बाहेर छोट्या पन्हळीत ठेवलेली दारू पेटली की तिची आग या भोकातून आत जाते. हे भोक नसले तर ठासणीचे हत्यार शोभेची वस्तू असते. भाऊ “बरं” म्हणाला होता.

ऑगस्टच्या शेवटी त्याने पिस्तूल तालमीला आणले. धोतराच्या जुन्या तुकड्यात गुंडाळलेले होते. पोलाद काळपट तपकिरी केलेले, पितळ मंद, सागवानावर तेलाचा हात. घोडा मागे ओढला की दोन टप्प्यांत दोन वेगळे आवाज येत आणि चाप दाबला की तो एका ठिणगीसह पुढे पडे. जी बाजू कोणी पाहिली नव्हती तिथे त्याने एक साधी पितळी पट्टी बसवली होती. तिला खाडीच्या ओहोटीच्या रेघांसारखी बारीक वळणे होती. पोर्तुगीज कप्तानाचे काम करणारा आमचा नट सहसा गप्प बसत नसे. त्याने पिस्तूल दोन्ही हातांत घेतले, उलटसुलट केले आणि परत ठेवले. म्हणाला, “भाऊ, आता मला पण नीट काम करावं लागणार.”

दसरा शनिवारी होता. प्रयोगासाठी पोलिसांची आणि ध्वनिक्षेपकाची परवानगी लागे. सेक्रेटरींनी त्या आठवड्यात अर्ज नेऊन दिला. बँकेत ते सामानसुमानाची नोंदवही ठेवत, आणि कुठल्याही अर्जाला यादी जोडल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. याही अर्जाला त्यांनी रंगमंचावरील वस्तूंची यादी जोडली. ती कोणी मागितली नव्हती. तलवारी, लाकडी, सात. भाले, बांबूचे, दोन. तोफ, प्लायवूडची, एक. ठासणीचे पिस्तूल, लोखंडी, एक.

गुरुवारी संध्याकाळी हवालदार तालमीच्या जागी आले आणि पिस्तुलासह सेक्रेटरींना आणि भाऊला ठाण्यात घेऊन गेले. मीही गेलो.

इन्स्पेक्टर चाळिशीचे होते. यादी त्यांच्यासमोर होती.

“बाकी सगळं लाकडी, बांबूचं, प्लायवूडचं. याच्यापुढेच लोखंडी का लिहिलंय?”

“लोखंडी आहे म्हणून, सर,” सेक्रेटरी म्हणाले.

हवालदारांनी खिडकीकडे तोंड केले.

इन्स्पेक्टरांनी घोडा ओढला, सोडला, ठिणगी पाहिली. पुन्हा ओढला. “कुठून आणलं?”

“बनवलं,” भाऊ म्हणाला.

“कोणी?”

“मी.”

“नळी आरपार आहे?”

“नाही सर, मागून भरीव,” सेक्रेटरी लगेच म्हणाले.

इन्स्पेक्टरांनी नळीचे तोंड ओठांना लावले आणि कानाजवळ बोट धरून फुंकले. मग कान टेबलावरच्या एका सुट्या पावतीजवळ नेला आणि पुन्हा फुंकले. पावती सरकली. त्यांनी सेक्रेटरींकडे पाहिले. सेक्रेटरींनी भाऊकडे.

“हाय आरपार,” भाऊ म्हणाला.

“का?”

भाऊने जे सांगितले ते मी त्याच रात्री वहीत उतरवले. मागचा भाग त्याने जूनपर्यंत तसाच सोडला होता, शेवटी भरीव करायचा म्हणून, आणि कानाच्या जागी ठरल्याप्रमाणे ठिपका काढला होता. तीन शुक्रवार तो ठिपका राहिला. “पन त्या पन्हळीला कानाकडे उतार असते. मी उतार बरोबर दिलेला. आनि समोर वाटच नाय. खाचराला उतार द्यावा आनि बांधाला उघाडीच ठेवू नये, पानी जानार कुठं? तसं दिसत होतं. मला बघवेना.”

“म्हणून भोक पाडलं.”

“हो सायेब.”

“आणि यांना सांगितलं नाही.”

“हे यादीत लिवतील म्हनून.”

सेक्रेटरींनी चष्मा काढला आणि पुसायला घेतला.

इन्स्पेक्टरांचा आवाज चढला नाही. आरपार नळी आणि खरा कान असलेली वस्तू कायद्याने अग्निशस्त्र ठरते, विनापरवाना बनवणे हा गुन्हा आहे, त्याला तुरुंग आहे, हे त्यांनी तीन वाक्यांत सांगितले. मग घड्याळ पाहिले. “उद्या दुपारी तीनपर्यंत नळी मागून बंद झालेली मला दिसली पाहिजे. नाही झाली तर गुन्हा दाखल करतो आणि तुम्हाला अटक करतो. रात्री हे इथे राहील. सकाळी हवालदार घेऊन येतील तुमच्या गाळ्यावर. त्यांच्यासमोर करा.”

अडचण दुसऱ्या दिवशी सकाळी कळली. शुक्रवार होता, वीज नव्हती. आणि खंडेनवमी होती. नवमी सुट्टीच्या दिवशी आल्यामुळे सातिवलीच्या बहुतेक गाळ्यांनी पूजा गुरुवारीच मांडली होती. पूजेला ठेवलेले हत्यार दसऱ्याची पूजा होईपर्यंत कोणी उचलत नाही. ही पद्धत त्या गाळ्यांत मालकापासून हमालापर्यंत सगळे पाळत. भाऊच्या बाकावर कानशी, छिन्न्या, हातोडे लहानमोठ्या क्रमाने मांडलेले होते. प्रत्येकाला हळदकुंकू, प्रत्येकावर झेंडूचे फूल. मांडणी त्यानेच केली होती. हवालदारांनी दाराबाहेर बूट काढले.

भाऊ बाकासमोर उभा राहिला. मग शेजारी गेला.

“तुझी गॅसची नळी दे. तुला नवमी नाय.”

“मला नाय,” वेल्डर म्हणाला, “पण माझ्या सिलिंडरला आहे. काल फूल कोणी बांधलं?”

भाऊ म्हणाला, “मीच.”

“मग? मी म्हटलं होतं का बांध? आता बांधलंस तर तू सोड. मी नाय हात लावणार बाबा, उद्या स्फोट झाला तर माझ्या नावावर.”

सेक्रेटरी म्हणाले, “अहो, वेळ किती आहे बघा.” साडेदहा झाले होते.

तोडगा हवालदारांनी काढला. ते म्हणाले, “आमच्याकडे पण पूजा असते. रायफली मांडतात. पण त्याच दिवशी देवीचा बंदोबस्त लागतो, मग काय, लाठी घरी ठेवायची? आधी हात जोडायचे, मग उचलायचं. माफी त्याच्यातच आली.”

भाऊने हात जोडले. मध्यम कानशीवरचे फूल उचलून बाजूला ठेवले, कुंकू मात्र पुसले नाही. त्याने दस्ता आणि घोडा सोडवला आणि नळी वाकपट्टीत धरली. घोड्याच्या पाट्याच्याच उरलेल्या तुकड्यातून एक बूच घासायला घेतले. निळे चोळणे, दाबणे, पुसणे. आता शेवटची मुदत होती, तरी हात तितकेच सावकाश चालले. हवालदारांनी एकदा विचारले, “चालेल ना आता?” “नाय,” भाऊ म्हणाला. पुन्हा विचारले नाही. दीडच्या सुमारास त्याने बूच मागून, कान आतून बुजेल इतके आत ठोकले आणि टोक घासून सपाट केले.

इन्स्पेक्टर फेरीवर होते, दोनला जीप गाळ्यापाशी थांबली. त्यांनी नळी फुंकून पाहिली. हवा गेली नाही. मग मागचे टोक उजेडात फिरवले, अंगठ्याचे नख फिरवले.

“कुठे बंद केलंय?”

“हितं.”

“सांधा दिसत नाही.”

“नाय दिसनार.”

“मग उद्या कोणी काढलं तर?”

“निघनार नाय.”

“कशावरून?”

“मी बसवलंय.”

“भाऊ, मला पटतंय. पण पंचनाम्यात ‘मला पटलं’ असं लिहिता येत नाही. दोन पंचांना दिसलं पाहिजे. वरून वेल्डिंगचा टाका मारा. ठळक.”

भाऊने विचारले, टाका आतून घातला तर. इन्स्पेक्टर नाही म्हणाले. सेक्रेटरी मध्ये पडले, “राहू द्या भाऊ. आपण हे जमा करून टाकू. प्रयोगाला ते प्लास्टिकचं वापरू, लोकांना काय हसायचं ते हसू दे.”

“जमा केलं तर त्याचं काय होनार?” भाऊने इन्स्पेक्टरांना विचारले.

“आधी गुन्हा नोंदवावा लागेल. मग जप्त माल. कोर्टाचा हुकूम झाला की वितळवतात.”

भाऊने नळी उजेडात धरून तिच्या मागच्या टोकाकडे पाहिले, जिथे अर्ध्या तासापूर्वीचा सांधा होता आणि दिसत नव्हता. मग ती एका फडक्यात गुंडाळली, फडके पाण्यात भिजवले, फक्त टोक उघडे ठेवले. शेजारच्या गाळ्यात जाऊन त्याने सिलिंडरला हात जोडले आणि स्वतःच बांधलेले फूल सोडले.

वेल्डरने चष्मा चढवला. “बारीक घालू की मजबूत?”

“सायेबांना इच्यार.”

“मजबूत,” इन्स्पेक्टर म्हणाले.

टाका पडायला मिनिटही लागले नाही. चिंचोक्याएवढा, मध्ये फुगलेला, एका बाजूला ओघळलेला. वेल्डरने चष्मा वर केला आणि म्हणाला, “जाळीला असा घातला असता तर गिऱ्हाइकाने परत पाठवली असती.” वेल्डर आणि मी पंच झालो, दोघांनी सह्या केल्या. तीन वाजायला दहा मिनिटे असताना इन्स्पेक्टरांनी प्रयोगाच्या अर्जावर शिक्का मारला आणि पिस्तूल भाऊच्या हातात दिले. जाताना हवालदार म्हणाले, “डावी बाजू फार छान झालीय हो.”

मी ही बातमी दिली नाही.

शनिवारी संध्याकाळी प्रयोग झाला. तिसऱ्या अंकात कप्तानाने पिस्तूल काढले तेव्हा पहिल्या रांगेतून काही आवाज आला नाही. त्याने घोडा ओढला. ते दोन आवाज मागच्या खुर्च्यांपर्यंत ऐकू गेले, असे मागे बसलेल्यांनी सांगितले. ठिणगी पडली आणि पडद्यामागचा फटाका थोडा उशिरा वाजला, तरी पडणारा माणूस ठिणगीलाच पडला. भाऊ तेव्हा विंगेत माझ्याशेजारी उभा होता. तो म्हणाला, “दुसरा दस्ता जरा जड झाला.”

मंडळ २००३ पर्यंत चालले. पिस्तूल आणखी चार नाटकांत होते. मंडळ बंद झाल्यावर ते भाऊकडे राहिले. मी शेवटचे पाहिले २००८ साली, त्याच्या घरी. तोवर त्याने दस्त्याला दोनदा तेल दिले होते, घड्याळाची कमान बदलली होती, चकमकीला नवी गारगोटी बसवली होती आणि डाव्या पट्टीवरची दोन वळणे पुन्हा खोल केली होती. नळीच्या मागचा टाका होता तसा होता. त्यावर कानशीची एकही रेघ नव्हती.